पारावर बायकांनी बसू नये

नवऱ्याच्या कंपनीने फिरायला जायचे पैसे दिले त्या वर्षी आम्ही रोह्याची चार कुटुंबं मिळून कुर्गला गेलो होतो. कॉफीच्या मळ्यात शिरल्याबरोबर बाकीच्यांनी आधी फोटो काढले, मग कॉफी इथे स्वस्त मिळते का याची चौकशी केली, आणि शेवटी इकडचा चहा किती पाणचट आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी झाडाकडे बघत उभी होते. कमरेएवढ्या कॉफीच्या झुडपांवर सावली धरून उभा होता तो उंबर होता. खोडाला लगडलेली तीच लालसर फळं, खाली पडून फुटलेल्या फळांवर घोंगावणारी तीच चिलटं. मळ्याच्या मुकादमाला मी मोडक्या हिंदीत विचारलं, तर तो म्हणाला, हे झाड आम्ही मुद्दाम राखतो. सावली गार असते, पाला कुजून खत होतं, मुळं कॉफीशी भांडत नाहीत आणि पावसाआधी फांद्या छाटल्या की पाहिजे तेवढं ऊन खाली सोडता येतं. बुंध्याशी मळ्यातल्या पाचसहा बायका डबे उघडून बसल्या होत्या. एकीने तर मुळावर डोकं टेकून चक्क ताणून दिली होती. तिला कुणी उठवत नव्हतं. मला एकदम इतका संताप आला की नवऱ्याने विचारलं, गाडी लागली का तुला?

आमच्याकडे हेच झाड देव आहे. झाडाचा देव झाला की त्याच्याखाली बसणाऱ्या बाईचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या दारच्या उंबराचा देव मीच केला.

आमचं गाव पेण तालुक्यात, जोह्याच्या अलीकडे. गणपतीचं गाव. ज्याच्या घराला पडवी आहे त्याचा कारखाना आहे आणि ज्याच्याकडे कारखाना आहे तो स्वतःला कलावंत म्हणवतो. प्रत्यक्षात कला साच्यात असते. साचा मुंबईहून यायचा. त्यात काथ्या घालून प्लास्टर ओतलं की मूर्ती बाहेर पडायची. मग ती घासायची, रंगवायची, डोळे आखायचे. ओतायला पुरुष, डोळे आखायला पुरुष, आणि मधलं सगळं घासकाम बायकांचं. घासकामात नाव नाही, फोटो नाही, फक्त धूळ आहे. वर्तमानपत्रवाले यायचे तेव्हा काका कोऱ्या कुंचल्याने आधीच आखून झालेल्या डोळ्यावर हात फिरवत बसायचे. तोही फोटो छापून यायचा.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. कारखाना त्यांचा. वडील रोह्याला केमिकलच्या कंपनीत शिफ्टला होते, तिथेच खोली करून राहायचे आणि आमच्यासाठी उंबराचं फूल झाले होते. पंधरा दिवसांनी यायचे, जेवायचे, झोपायचे, आणि काहीही विचारलं तरी दादाला विचारा म्हणायचे. मला त्यांचा फार राग यायचा नाही. राग यायला माणूस समोर असावा लागतो.

आई काकांच्या कारखान्यात घासकाम करायची. तिला दमा होता. पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास घासलं की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागायचा. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काम सोडा, आणि सोडणार नसाल तर निदान उघड्यावर, वाऱ्यात बसून करा. डॉक्टरांना आई काम सोडेल असं वाटलं नव्हतं, एवढं शहाणपण त्यांच्याजवळ होतं. म्हणून आई उंबराखाली बसायची.

तो उंबर आमच्या अंगणाच्या कडेला, रस्त्याच्या वळणावर होता. तो कुणी लावलेला नव्हता. उंबर कुणी लावत नाही, पक्षी लावतात, आणि एकदा उगवला की आमच्यात कुणी तोडत नाही. दुपारी धरमतरच्या खाडीवरून वारा सुटला की झाडाखालची धूळ सरळ शेताकडे निघून जायची. आई बुंध्याला पाठ लावून बसायची, मांडीवर फडकं, फडक्यावर गणपती, हातात पॉलिश पेपर. तिचं बघून आळीतल्या आणखी तिघी आपापलं काम घेऊन येऊ लागल्या. माझी धाकटी बहीण शाळेतून आली की दप्तर तिथेच टाकायची. बायका घासता घासता बोलायच्या, हसायच्या, आणि आईचा श्वास वाजायचा नाही. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे ती खरं म्हणजे तो न वाजणारा श्वास ऐकायला.

मी पेणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीची माणसं आली, झाडांवर पांढरे पट्टे ओढून गेली. उंबरावरही पट्टा. गावात दोन दिवस चर्चा झाली. चर्चा म्हणजे चहा. उंबर तोडणं पाप आहे यावर कुणाचंच दुमत नव्हतं, पण तोडणारे ठेकेदाराचे लोक होते, बाहेरून येणार होते, म्हणजे पाप बाहेरच्या बाहेर फिटणार होतं. काका तर मनातून खूष होते. वळण निघालं की टेम्पो थेट कारखान्याच्या दाराला लागणार होता. मी त्यांना म्हटलं, आई मग कुठे बसेल? ते म्हणाले, शेड काय ओस पडली हाय? आपण थोडंच तोडतोय झाड.

आई काही बोलली नाही. आई कधीच काही बोलायची नाही, आणि तेव्हा मला याची चीड होती, नुसती चीड नाही, तिरस्कार होता असं म्हटलं तरी चालेल. मला वाटायचं, हिच्या गप्प बसण्यावरच हे सगळे उभे आहेत.

मी गप्प बसणारी नव्हते. माझ्या अंगात कॉलेजचं वारं होतं. मी विचार केला, हे लोक पापाला भीत नाहीत, पण देवाला भितात, कारण देवासमोर चारचौघांत उभं राहावं लागतं. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, हे पोरांनाही ठाऊक. फक्त तिथे दत्त नव्हता. म्हटलं, आणू.

कारखान्यात प्लास्टरला काय तोटा? मी शाडूत माझ्याच पायाचे ठसे उमटवले, त्यावर प्लास्टर ओतलं, काथ्या भरला, आणि निघालेल्या पावलांची बोटं जरा सारखी केली. माझा अंगठा वाकडा आहे, तो सरळ केला. मग काळा ऑइलपेंट, त्यावर थोडी राख चोळली. रंगाच्या आधी घासायला मी त्या पादुका आईकडे दिल्या होत्या. ती म्हणाली, हे काय गो? मी खरं ते सांगितलं. तिने पॉलिश पेपर घेतला आणि पादुका घासून इतक्या गुळगुळीत करून दिल्या की शेकडो वर्षं लोकांचे हात फिरल्यासारख्या दिसल्या. आईच्या हाताला तोड नव्हती. तिचा एकही फोटो कुठे छापून आला नाही.

गुरुवारी सकाळी पाणी भरायच्या आधी मी त्या मुळांच्या बेचक्यात मातीत अर्ध्या पुरून ठेवल्या, वर पाला टाकला, दोन जास्वंदी ठेवल्या आणि घरी येऊन दात घासत बसले.

पुढे जे झालं ते मला वाटलं होतं त्याहून फार लवकर झालं. तासाभरात पाच नारळ फुटले होते. गर्दीच्या मधोमध काका होते. ते सोवळं नेसून आले होते आणि सगळ्यांना सांगत होते की आपल्याला तीन गुरुवार दृष्टांत होत होता, पण आपण कुणाला बोललो नाही. दृष्टांतात दत्तगुरू म्हणाले होते, मी तुझ्या दारात मातीत पडलोय, मला बाहेर काढ. हे सांगताना त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. आदल्या संध्याकाळपर्यंत ते टेम्पो कसा मागे घ्यायचा याची आखणी करत होते, हे ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तरी तेही डोळे पुसत होते. मी पडवीत उभी राहून पाहत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. हे प्लास्टरवाले! यांच्या नखांत प्लास्टर, भुवयांवर प्लास्टर, चहाच्या कपात प्लास्टर. सबंध गाव जन्मभर ज्यात हात घालून बसलंय ते त्यांना ओळखू येईना. बाहेरच्या कुणाला फसवलं असतं तर मला एवढी मजा वाटली नसती.

ठेकेदाराची माणसं आली, त्यांनी पादुका बघितल्या आणि कुऱ्हाड न लावता परत गेली. वरून कुणी साहेब आला, त्यानेही चप्पल काढून नमस्कार केला. रस्ता उंबराला वळसा घालून गेला. झाड वाचलं. त्या आठवड्यात आई रोज तिथे बसून काम करत होती आणि मला वाटत होतं की माझ्याएवढी हुशार मुलगी जिल्ह्यात नाही.

महिन्याभरात पार बांधला. काका समितीचे अध्यक्ष झाले. आमच्याकडे दोन माणसं आणि एक रबरी शिक्का जमला की समिती होते. पाराला फरशी बसली, फरशीवर देणगीदारांची नावं आली, आणि एका गुरुवारी एक पाटी लागली. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं, डोळे आखणाऱ्या हाताने काढलेली: पारावर बायकांनी बसू नये.

बायका बसल्या नाहीत. तिघी आपापल्या घरी गेल्या आणि त्यांच्या पडवीत काम करू लागल्या. आमच्या घराला पडवी होती, पण ती काकांच्या ओल्या मूर्तींनी भरलेली असायची. आई शेडमध्ये गेली. दोन दिवसांत तिचा श्वास वाजायला लागला. मी तिला म्हटलं, पाराच्या खाली तरी बस, सावली तिथेही पडते. ती नको म्हणाली. मग मी काकांकडे गेले.

मी त्यांना शेडमध्येच गाठलं. आई तिथेच कोपऱ्यात घासत होती. मी सरळ सांगितलं, त्या पादुका प्लास्टरच्या आहेत, मी केल्या आहेत, माझ्या पायाच्या आहेत. आता आईला तिथे बसू द्या, नाहीतर मी हे गावभर सांगेन. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल. काही झालं नाही. त्यांनी हातातली मूर्ती खाली ठेवली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "मग? गणपती कशाचे करतो आपण?"

त्यांनी मूर्ती पुन्हा उचलली.

"लोक नेतात, बसवतात, हात जोडतात. तिथं जाऊन तू सांगतेस काय, प्लास्टर हाय म्हणून? गावात कुणाला ओळखता येत नाय असं वाटतं तुला?"

म्हणजे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मी ज्यांना मूर्ख समजून पडवीत उभी राहून हसत होते ते मूर्ख नव्हते. देव कशाचा आहे याची त्यांना काही पडलेली नव्हती. प्लास्टरचा देव होतो यावर तर त्यांचं पोट चाललं होतं. पण प्लास्टर चालतं तर बाईने तिथे बसायचं नाही हे कुठून आलं, हे मी विचारलं तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आईकडे पाहत होते. आई मान खाली घालून घासत होती. मला वाटलं, घाबरट. आपली मुलगी आपल्यासाठी भांडतेय आणि ही मान वर करत नाही. मी रागाने निघून गेले आणि आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही.

गावभर सांगण्यात आता काही अर्थ नव्हता. मी दोघीतिघींना सांगून पाहिलं, त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि कानाला हात लावले.

दर गुरुवारी पादुकांवर दुधापाण्याचा अभिषेक होऊ लागला. प्लास्टर ते पिऊन टाकायचं. ज्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायले त्या दिवशी आमच्या गावात तर रंग न दिलेले, शेडमध्ये उलटे पडलेले गणपतीही दूध प्यायले, आणि काकांनी पादुकांना चमच्याचमच्याने लिटरभर पाजलं. कोरडं प्लास्टर काय वाट्टेल ते पितं, हे त्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. सगळे हात जोडून उभे होते. पादुका मऊ पडून झिजायला लागल्या, काळा रंग जाऊन खालचं पांढरं दिसायला लागलं, तेव्हा देव भक्तांसाठी झिजतोय असं काकांनी जाहीर केलं आणि वर पितळेचं कवच चढवलं. मी सरळ केलेला अंगठा कवचाखाली गेला.

त्याच सुमारास काकांनीच माझं लग्न जमवलं. स्थळ रोह्याचं होतं, मुलगा वडिलांच्याच कंपनीत होता, आणि घरात गुरुवार कडक. सासूबाई पाहायला आल्या तेव्हा काकांनी त्यांना आधी पारावर नेलं. सासूबाई म्हणाल्या, ज्या घराच्या दारात देव प्रगटला तिथली मुलगी आम्हाला मिळतेय. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की देवाचा नंबर आठ आहे, चपलेच्या दुकानात चला, दाखवते. नाही सांगितलं. नवरा बरा वाटला होता, आणि मला त्या गावातून निघायचं होतं.

रोह्यात कुंडलिकेच्या काठाला आमची चाळ होती. संध्याकाळी नदीवरून वारा यायचा आणि मला आईचा श्वास ऐकू यायचा. दर महिन्याला मी एसटीने पेणला आणि तिथून गावी यायचे. दर वेळी आई थोडी आणखी वाकलेली असायची. दोन वाक्यांच्या मध्ये थांबायची, जिना चढल्यासारखी. पंप आला, गोळ्या आल्या. काम तेच, शेड तीच. बाहेर उंबर आणखी पसरला होता, त्याच्या सावलीत फरशीवर समितीचे चार बाप्ये पत्ते खेळत बसलेले असायचे. देवाच्या पारावर पत्ते चालायचे. तंबाखू चालायची. एकदा एकजण दारू पिऊन मूर्तीसारखा पडलेला मी पाहिला, त्याच्या अंगावर कुणीतरी प्रेमाने चादर घातली होती.

कुर्गहून आले त्या वर्षीची दत्तजयंती. मी ठरवून आले. लाउडस्पीकर असणार होता, आजूबाजूची गावं येणार होती, माझे सासूसासरे, नवरा सगळे येणार होते. मी ठरवलं होतं की आरती संपली की माइक घ्यायचा, सगळं सांगायचं, आणि आईला हाताला धरून पारावर नेऊन बसवायचं. कळून काही होत नाही हे मला कळलं होतं. पण कुजबुजीत कळणं वेगळं आणि माइकवर, पाहुण्यांसमोर सांगणं वेगळं. चारचौघांची भीड हीच यांची एकमेव नस होती आणि ती मला सापडली होती. फार तर सासूबाई महिनाभर बोलणार नाहीत. चालेल.

आई शेडमध्ये होती. जयंतीच्या दिवशीही. सगळे बाहेर, आणि ती कोपऱ्यात एका वीतभर गणपतीची सोंड घासत होती. मी तिला म्हटलं, ऊठ, चांगलं लुगडं नेस, आज तुला पारावर बसवते. आणि मी काय करणार आहे ते सांगितलं.

तिने पॉलिश पेपर खाली ठेवला. एवढी घाई करून तिने काम कधी खाली ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भावोजींना मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी."

मला आधी काही समजलं नाही. मग ती थांबत थांबत बोलली. नारळ फुटायला लागले तेव्हा ती घाबरली होती. देवाच्या नावाने मुलीने खोटं केलं, आता मुलीला काही होईल, म्हणून ती काकांकडे गेली आणि म्हणाली की शांती करा, काय असेल ते करा, पण पोरीला दोष लागू देऊ नका. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, दोषाचं मी बघतो. पुढे पार बांधून झाल्यावर म्हणाले, लोक प्लास्टर पोटात घालतील, प्लास्टर कुणी केलं ते नाही घालणार. देवाचं सोंग करणाऱ्या पोरीला कुठलं घर पत्करेल? तू रोज मांडीवर प्लास्टर घेऊन त्या पादुकांच्या शेजारी बसलीस तर आंधळ्यालाही कळेल कुणाच्या घरचं काम आहे. तू तिथून ऊठ. मी कुणाला बोलणार नाय.

"मला एकटीलाच उठवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं," आई म्हणाली. "म्हणून पाटी लावली. सगळ्यांसाठी."

मी तिच्यासमोर खाली बसले. माझ्या साडीला प्लास्टर लागलं. इतकी वर्षं मी वडिलांना हसले, काकांना शिव्या दिल्या, गावाला मूर्ख म्हटलं, आणि सगळ्यांत जास्त हिला, हिच्या खाली घातलेल्या मानेला. माझं लग्न व्हावं म्हणून ती धूळ खात बसली होती, आणि मी तिला घाबरट समजून आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. मला माझीच किळस आली. मी म्हटलं, आई, पण माझं लग्न झालं ना आता. आता कशाला? झालं ते झालं, आता ऊठ. मला कोण काय करणार आहे?

आईने दाराकडे पाहिलं. बाहेर माझी बहीण पाहुण्यांना पाणी देत होती. बारावी झाली होती त्या वर्षी. हिरवी साडी नेसली होती आणि सासूबाईंच्या नात्यातली एक बाई तिला जवळ बोलावून काहीतरी विचारत होती.

"धाकटीचं व्हायचं हाय अजून," आई म्हणाली आणि पॉलिश पेपर उचलला.

बाहेर आरती सुरू झाली. मला हाक आली. मी साडी झटकली, पण प्लास्टर झटकून जात नाही, आणखी पसरतं. तशीच गेले. माइक काकांच्या हातात होता. त्यांनी मला पाहिलं, आणि माझ्यामागे शेडचं दार उघडं आहे हेही पाहिलं. मला वाटतं त्यांना तेवढ्यात सगळं समजलं. त्यांनी माइक माझ्यापुढे केला आणि म्हणाले, आमची रोह्याची लेक, दोन शब्द बोल गो. त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. बहीण तांब्या घेऊन उभी होती.

मी म्हटलं, मला बोलता येत नाही.

पाराखाली उभी राहून मी पितळेच्या कवचाला वाकून नमस्कार केला. डोकं टेकवलं. उठले तेव्हा काकांनी माझ्या हातावर प्रसादाचा द्रोण ठेवला, आणि त्यावर आणखी एक.

"हा तुझ्या आयशीला दे," ते म्हणाले. "ती काय इथवर येत नाय."